बाटली नकली नसते, लेबल नकली असतं

मागच्या महिन्यात आमच्या भागातल्या फोटो स्टुडिओवाल्यांची बैठक झाली. हॉल एसी होता, जेवण होतं आणि खर्च एका प्रिंटर कंपनीच्या वितरकाने उचलला होता, त्यामुळे उपस्थिती चांगली होती. भाषण जेवणाआधी ठेवलं होतं. हे लोक हुशार असतात, जेवणानंतर ठेवलं तर ऐकायला कोण थांबतं? कंपनीकडून आलेल्या साहेबांनी पडद्यावर दोन फोटो दाखवले, एक टवटवीत आणि एक उडालेला. "हा ओरिजिनल, हा डुप्लिकेट." मग प्रिंटरचं तुंबलेलं हेड दाखवलं. मग म्हणाले, "बाहेरची शाई भरणारा माणूस गिऱ्हाइकाला फसवतो, कंपनीला फसवतो आणि सरकारचा टॅक्स बुडवतो." आणि शेवटी हसत हसत, "हा माल कुठल्या मोहल्ल्यात मिळतो ते आम्हाला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे."

हॉलमधले काही जण हसले. मी गेली २६ वर्षं सांगलीत फोटोचं दुकान चालवतो आणि त्याच मोहल्ल्यात राहतो. मी हसलो नाही, पण उठून बोललोही नाही. जेवलो आणि घरी आलो. तिथे न केलेलं भाषण आता इथे करतो आहे.

आधी कबुली. मी बाहेरची शाई वापरतो, आज नाही, इंकजेट प्रिंटर दुकानात आला तेव्हापासून. दुकानात सहा रंगांचे दोन फोटो प्रिंटर आहेत. एकात कंपनीची शाई आहे, दुसऱ्यात दिल्लीहून येणारी, त्या बनवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाची, किमतीला चौथा हिस्सा. तिचं पक्कं बिल माझ्याकडे असतं, त्यावर जीएसटी लागलेला असतो, तेव्हा टॅक्सची गोष्ट साहेबांनी निदान माझ्यापुरती मागे घ्यावी.

आता 'डुप्लिकेट' या शब्दाकडे येऊ, कारण सगळा घोळ या एका शब्दाने घातला आहे. बाजारात शाई तीन प्रकारची असते. एक कंपनीची. दुसरी, दुसऱ्या कुणीतरी बनवलेली, स्वतःचं नाव लावून विकलेली, 'अमुक प्रिंटरला चालते' असं लिहिलेली. आणि तिसरी, कुणीतरी बनवलेली पण कंपनीचं नाव, कंपनीचा खोका, कंपनीचं चकाकतं स्टिकर लावून विकलेली. तिसरी ही नकली. ती गुन्हा आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली तिला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण त्याच कायद्याच्या ३० व्या कलमात दुसऱ्या प्रकाराला वाट ठेवलेली आहे. तुमचा माल दुसऱ्याच्या वस्तूला बसतो किंवा चालतो हे सांगण्यासाठी त्या वस्तूचं नाव घेणं जिथे खरोखर गरजेचं आहे, तिथे ते घेता येतं, फक्त माल त्या कंपनीचाच असल्याचा भास करायचा नाही. म्हणजे 'अमुक प्रिंटरसाठी' लिहिणारा चोर नाही. तो दुकानदार आहे.

साहेबांनी दुसऱ्याला आणि तिसऱ्याला एकाच शब्दात कोंबलं. ते त्यांच्या सोयीचं आहे. आमच्यातले लोकही तोच शब्द वापरतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर मिरज. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत आजही भोपळा कोरून सतार बनते, देशभर जाते. सतार घेतली म्हणून पुढच्या सगळ्या तारा आमच्याच दुकानातून घ्या, दुसरी तार लावलीत तर सतार वाजणार नाही अशी व्यवस्था आम्ही भोपळ्यात करून ठेवली आहे, असं एखाद्या सतारमेकराने सांगितलं तर? लोक त्याला वेडा म्हणतील. प्रिंटरच्या बाबतीत मात्र हेच केलं की त्याला 'तंत्रज्ञान' म्हणायचं.

जरा हिशेब. मी पहिला साधा इंकजेट घेतला तो तीन हजारांच्या आसपास. त्याचं रंगीत काट्रिज सातशे रुपयांना होतं आणि आत शाई होती जेमतेम पाच मिलिलिटर. लिटरचा भाव काढा, १ लाख ४० हजार रुपये. अत्तराच्या धंद्यात असलेल्या माझ्या मेव्हण्याला हा आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, "मी चुकीच्या दुकानात बसलोय." शिवाय एका काट्रिजमध्ये तीन रंग, पिवळा संपला की उरलेला निळा आणि गुलाबीही कचऱ्यात. प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि शाईवर आयुष्यभर वसूल करायचं, हा व्यवहार होता. घेणाऱ्याला त्या दिवशी फक्त तीन हजार दिसायचे.

यातून वाट काढली ती गल्लीतल्या पोरांनी. काट्रिजला भोक पाडून सिरिंजने शाई भरली. मग बाहेर टाक्या ठेवून बारीक नळ्या आत सोडल्या. हे आपल्याकडे झालं आणि इंडोनेशियातही झालं, तिथे तर असा धंदा फार जोरात होता. २०१० साली एप्सनने टाकीवाला प्रिंटर पहिल्यांदा विकायला काढला तो इंडोनेशियातच. आज आपल्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात टाकीवाला प्रिंटर दिसतो, त्या कल्पनेचे खरे मालक कोण? ज्यांना साहेब 'त्या मोहल्ल्यातले' म्हणाले, तसल्याच मोहल्ल्यांतले लोक. कंपनीने कल्पना उचलली याबद्दल माझी तक्रार नाही, चांगलंच झालं. फक्त नंतर आम्हालाच चोर म्हणू नये.

आमच्या गल्लीत एक पोरगा काट्रिज भरून द्यायचं काम करतो. त्याचं नाव इथे देत नाही. बारावीनंतर शिक्षण सुटलं, बाप आजारी, चार बाय सहाचं दुकान. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे धाड आली. पोलीस आणि त्यांच्याबरोबर टाय लावलेला एक माणूस. शेजारच्या दुकानात खरोखर नकली खोके सापडले, कंपनीचं नाव छापलेले, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण जाता जाता या पोराच्याही सगळ्या बाटल्या पोत्यात भरल्या. त्यांच्यावर बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव होतं, पत्ता होता, बिलं गल्ल्यात होती. बिलं कुणी पाहिलीच नाहीत. पोराला दोन रात्री बसवून ठेवलं, तिसऱ्या दिवशी गुन्हा न नोंदवता सोडलं. बाटल्या परत आल्या नाहीत. मोहल्ल्यात पंधरा दिवस चर्चा एकच, "डुप्लिकेटच्या केसमध्ये उचलला होता." त्याचं ठरत आलेलं लग्न लांबलं.

म्हणून कायदा नीट वाचावा लागतो. ट्रेडमार्क कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार अशी झडती-जप्ती वॉरंटशिवाय करायची तर अधिकारी पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालचा असून चालत नाही, आणि त्यानेही आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यायचं असतं. आमच्या गल्लीत आलेल्या साहेबांच्या खांद्यावर काय होतं हे पोराला विचारलं, तर त्याला आठवेना. भीतीत कोण खांदे बघतं? पण बिल, बाटलीवरचं नाव आणि हे एक कलम, एवढं दुकानात दर्शनी भागात लावून ठेवायला काही खर्च येत नाही. मी त्याला छापून दिलं, लॅमिनेशन करून. शाई अर्थातच स्वस्तातली.

आता चिपबद्दल. काट्रिजवर नखाएवढी एक चिप असते. प्रिंटर तिला विचारतो, तू आमच्या घरची का? नसली तर छापत नाही, किंवा 'शाई संपली' म्हणतो, आत शाई डुचमळत असली तरी. १३ सप्टेंबर २०१६ रोजी जगभरातल्या एचपीच्या काही ऑफिस प्रिंटरांनी आदल्या दिवशीपर्यंत चालणारी बाहेरची काट्रिजं अचानक नाकारली. कंपनीने प्रिंटरच्या आतल्या प्रोग्रॅममध्येच ती सोय आधी करून ठेवली होती. लोक विकत घेतलेल्या यंत्रासमोर हात चोळत बसले. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने माफीसारखं काहीतरी लिहिलं आणि ती अडवणूक काढणारा प्रोग्रॅम दिला. अमेरिकेतला ग्राहकांचा दावा पुढे १५ लाख डॉलरला मिटला. २०२० च्या डिसेंबरात इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने त्याच कंपनीला याच अडवणुकीबद्दल, खोक्यावर ग्राहकाला नीट न सांगितल्याबद्दल, एक कोटी युरो दंड केला. इटलीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे मला तो माझ्यावरच वापरायचा आहे: खोक्यावर सांगितलं नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०१७ साली याहून मोठी गोष्ट झाली. लेक्समार्क ही प्रिंटर कंपनी काही काट्रिजं सवलतीत विकायची, अट अशी की एकदाच वापरा, भरून घेऊ नका, दुसऱ्याला देऊ नका. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाचा वेस्ट व्हर्जिनियातला छोटा धंदा रिकामी काट्रिजं भरून विकणाऱ्यांपैकी होता. कंपनीने त्याच्यावर पेटंटचा दावा ठोकला. बाकीचे बहुतेक तडजोड करून बाजूला झाले, हा मात्र उभा राहिला आणि जिंकला. निकाल असा की वस्तू एकदा विकली की त्या वस्तूवरचा पेटंटचा हक्क संपतो. पुढे घेणारा तिचं काय करतो यावर पेटंटच्या नावाने पहारा ठेवता येत नाही. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालात जुन्या गाड्या दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचा दाखला दिला. गाडीतल्या हजारो सुट्या भागांपैकी प्रत्येकाचा बनवणारा असा मागे लागला तर ते दुकान चालेल कसं?

कुणी म्हणेल, ते अमेरिकेत. मग आपल्याकडचं ऐका. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला, कारण त्या सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून हे प्रकरण सुरू झालं होतं. पुढे अपिलं झाली, दंडाच्या आकड्यावर वाद झाले. पण त्या आदेशातली एक गोष्ट आम्हा लोकांच्या थेट कामाची आहे: ग्राहकाने बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतलं एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट घालू नका, असं आयोगाने बजावलं. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक वस्तू मिळण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची सक्ती ही निर्बंध घालणारी व्यापारी प्रथा म्हणून स्पष्ट नोंदवलेली आहे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही काढलं. कागदावर आपण मागे नाही.

कागदाबाहेर काय होतं? माझ्या एका प्रिंटरचा कागद ओढणारा रोलर वॉरंटीत असताना गेला. रबराचा रोलर. शाई त्याच्या वाटेलाही जात नाही. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने टाकीचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि फॉर्मवर लिहिलं, 'बाहेरची शाई, वॉरंटी रद्द'. मी म्हटलं, बाळा, गाडीचा हॉर्न बिघडला तर पेट्रोल कुठल्या पंपावरचं ते विचारतात का? तो म्हणाला, "अंकल, मला वरून तसंच सांगितलंय." हेड तुंबलं असतं आणि त्याने हेच लिहिलं असतं तर मी गप्प पैसे मोजले असते. तो धोका माझा, तो मी उचललेला आहे. रोलरचा नाही.

इथपर्यंत वाचून माझे धंद्यातले भाऊ खूश झाले असतील. आता त्यांच्याकडे वळतो.

साहेबांनी दाखवलेला उडालेला फोटो खोटा नव्हता. तो कुठल्या कागदावर काढला, किती दिवस उन्हात ठेवला हे त्यांनी सांगितलं नाही ही त्यांची लबाडी. फोटो टिकतो तो एकट्या शाईमुळे टिकत नाही, शाई आणि कागद या जोडीमुळे टिकतो. या विषयात आयुष्य घालवलेले अमेरिकेतले हेन्री विल्हेल्म हेच सांगत आले. कंपनीची शाई म्हणजे अमरपट्टा, असंही नाही. २००० साली एप्सनच्या स्टायलस फोटो ८७० आणि १२७० या प्रिंटरांवर, कंपनीच्याच शाईने कंपनीच्याच कागदावर काढलेले फोटो काही घरांत थोड्याच काळात नारिंगी पडू लागले होते, हवेतल्या ओझोनमुळे. हे सगळं खरं. पण म्हणून बाहेरची स्वस्त शाई तितकीच टिकते असं कुणी मला सांगू नये. मी २६ वर्षं पाहतो आहे. टिकत नाही. निदान मी वापरलेली टिकली नाही.

कारण साधं आहे. फोटो प्रिंटरची शाई बहुधा डाय असते, म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. उजेड त्याला खातो, हवा त्याला खाते. चांगला रंग बनवायला पैसे पडतात, आणि चौथ्या हिश्शाच्या किमतीत ते कुठून येणार? त्यात आम्ही वापरतो तो चकचकीत कागद बारीक छिद्रांचा. शाई झटकन वाळते म्हणून आम्हाला आवडतो, पण त्याच छिद्रांतून हवाही आत जाते. लॅमिनेशन केलं किंवा काचेखाली ठेवला तर फोटो बराच जास्त जगतो. पिगमेंट शाई जास्त टिकते, पण ती डायच्या प्रिंटरमध्ये ओतायची नसते. दोन्ही एकत्र झाल्या की हेड गेलंच समजा. आमच्यातले काही महाभाग स्वस्त मिळाली म्हणून आज ही, उद्या ती अशा बाटल्या एकाच टाकीत ओततात आणि मग नोझल चेकचा पट्टा तुटका आला की कंपनीला शिव्या देतात. दहा वेळा हेड क्लीनिंग करतात. त्या क्लीनिंगची सगळी शाई खालच्या पॅडमध्ये जाते, पॅड भरतो, प्रिंटर बंद पडतो, मग रीसेटवाल्याला बोलावतात. वाचवलेले पैसे गेले कुठे? शाई बदलली की रंगांचं गणित बदलतं, चेहरे लालसर किंवा हिरवट येतात, तेही दुरुस्त करून घ्यावं लागतं. तेवढं न करता "डोळ्याला दिसत नाही" म्हणणारा फोटोग्राफर असेल, तर त्याने दुकानाला दुसरं नाव द्यावं.

पासपोर्ट साइझच्या फोटोला हे काही लागत नाही. स्कॉलरशिपचा फॉर्म, रेशनकार्ड, बँकेचं खातं. फोटो चिकटवला, शिक्का बसला, काम झालं. तिथे कंपनीची शाई वापरून पन्नासचे ऐंशी घेणं म्हणजे गरिबाच्या खिशात उगाच हात घालणं आहे. फॉर्म भरणारी बाई दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते. तिच्यासाठी स्वस्त शाई हे माझ्या मते चांगलं काम आहे, आणि या एका कारणासाठी मी सगळ्या कंपन्यांशी भांडायला तयार आहे. पण भिंतीवर लागणारा फोटो वेगळा.

आमच्या गल्लीत एक खाला राहतात. २०१३ साली त्यांचे शोहर, आमचे चाचा, टेम्पो चालवायचे, हार्ट अटॅकने गेले. चांगला फोटो एकच होता, मीच लायसन्सच्या कामासाठी काढलेला. खालांनी तो मोठा करून मागितला, आठ बाय बारा. घरात फोटो लावावा की नाही यावर आपल्यात मतं आहेत, तो वाद इथे नको, त्यांनी लावला. मी तो छापला बाहेरच्या शाईने. त्या वेळी दुकानात दुसरी नव्हतीच. फ्रेमसकट अडीचशे रुपये घेतले. हा फोटो किती वर्षं टिकेल, याहून जास्त टिकणारा मिळू शकतो, हे मी बोललो नाही. त्यांनी विचारलं नव्हतं. हे वाक्य मी पुढे अनेक वर्षं स्वतःला ऐकवत आलो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. माझं दुकान पाण्यात गेलं. दोन कॉम्प्युटर, तीन हार्ड डिस्क, सतरा-अठरा वर्षांच्या फाइली. एका डिस्कमधून थोडं निघालं, बाकी चिखल. खाला वरच्या मजल्यावर राहतात, त्यांच्या घराला काही झालं नाही. काही महिन्यांनी त्या फ्रेम घेऊन दुकानात आल्या. खिडकीसमोरच्या भिंतीवरची फ्रेम. गुलाबी रंग उडून गेला होता, चाचांचा चेहरा हिरवट-पिवळा, डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या. "बेटा, ये फिर से निकाल दे. तेरे कंप्युटर में होगा ना?"

नव्हता.

मला त्या दिवशी कंपनीचा साहेब आठवला नाही, चिप आठवली नाही. इटलीवाल्यांनी एचपीला खोक्यावर सांगितलं नाही म्हणून पकडलं. मी तरी कुठे सांगितलं होतं? बाटलीवर बनवणाऱ्याचं खरं नाव होतं, तिथे काही खोट नव्हती. पण खाला बाटली बघत नाहीत. त्यांना दिसतो तो फोटो आणि मी. बाटलीवरचं लेबल खरं, आणि माझ्या दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं 'कायमस्वरूपी आठवणी' हे लेबल खोटं. शेजारच्या नकली खोकेवाल्यात आणि माझ्यात तेवढ्यापुरता काय फरक होता, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

तेव्हापासून दोन प्रिंटर ठेवले आणि दोन दर लिहिले. काउंटरवर मोठ्या अक्षरांत: साधी शाई, फॉर्मसाठी, कंपनीची शाई, घरासाठी, दोन्हीचे दर पुढे. नमुन्याचा एकच फोटो दोन्ही शायांनी छापून अर्धा झाकून दुकानाच्या काचेला चिकटवला आहे. दर सहा महिन्यांनी झाकण काढून दाखवतो, कुठली किती उडाली ते गिऱ्हाइकाने स्वतः बघावं. पहिल्या वर्षी माझा धंदा थोडा कमी झाला, कारण पलीकडचा दुकानदार 'एकच शाई, बेस्ट शाई' म्हणून स्वस्तात फोटो देतो. जाऊ दे. आठ बाय बाराच्या मागे मी आता तारीख आणि शाई पेनने लिहून देतो, आणि फाइल पेनड्राइव्हवर किंवा मोबाइलवर देतो, जास्तीचे पैसे न घेता. फाइल गिऱ्हाइकाची आहे. ती दाबून ठेवून पुढच्या कॉपीसाठी त्याला परत बोलावणं म्हणजे आमची चिपच झाली की.

कंपनीच्या साहेबांना मी पुढच्या बैठकीत हेच विचारणार आहे, या वेळी जेवणाआधी. मी माझ्या काउंटरवर लिहिलं. तुम्ही तुमच्या खोक्यावर लिहाल का, की हा प्रिंटर दुसऱ्याची शाई नाकारतो? रोलर गेला तर शाईचं कारण सांगणार नाही, असं लिहून द्याल का? आणि धाडीला माणूस पाठवाल तेव्हा त्याला नकली लेबल आणि दुसऱ्याचं लेबल यातला फरक शिकवून पाठवाल का? त्या पोराच्या पोत्यातल्या बाटल्यांची यादी माझ्याकडे आहे, बिलांसकट. मोहल्ल्याबद्दल हसायचं असेल तर त्यानंतर हसू.

खालांचा तो फोटो मी फ्रेममधून काढून स्कॅन केला. उरलेल्या रंगांवरून चेहरा उभा करायला चार रात्री लागल्या. फ्रेमच्या पट्टीखाली दडलेली एक बारीक कड मूळ रंगाची राहिली होती, तिचा आधार मिळाला. डोळे पूर्ण जमले नाहीत. चाचांच्या धाकट्या भावाला समोर बसवून ते केले, तो म्हणाला बरोबर आहेत, मला खात्री नाही. कंपनीच्या शाईने, चांगल्या कागदावर छापला, काच बसवली, पैसे घेतले नाहीत. खालांनी फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितलं, मग उलटी केली. मागे तारीख आणि शाईचं नाव लिहिलेलं होतं. त्यांनी विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. पहिला कुठल्या शाईचा होता तेही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "तब क्यूँ नहीं बोला?"